दान एकदाच, झाडलोट रोजची

६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जाणारी आमच्या लोणखेडा-शहाद्याकडची कुटुंबे परतीच्या गाडीला वेळ असला की मुलांना गेट वे ऑफ इंडिया दाखवून आणतात. वाटेत म्युझियमच्या समोर, चौकाच्या कोपऱ्यावर एक गोलाकार दगडी इमारत लागते. तिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. आज तिथे सरकारचे आधुनिक कला संग्रहालय आहे. पण मुळात हा एका कॉलेजचा हॉल. त्याची हकीकत वाचकांनी जाणून घ्यावी असे आम्हांला वाटते, कारण हॉल बांधण्याची हौस आपल्या समाजालाही आहे.

मुंबईत विज्ञानाच्या उच्च शिक्षणासाठी स्वतंत्र संस्था हवी म्हणून त्या वेळचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांनी शहरातील धनिकांकडे शब्द टाकला. सर कावसजी जहांगीर, सर जेकब ससून, सर करीमभाई इब्राहिम अशा मंडळींनी थैल्या मोकळ्या केल्या. एक पारशी, दुसरे ज्यू, तिसरे खोजा मुसलमान! १९११ साली पायाभरणी झाली. मध्ये पहिले महायुद्ध होऊन गेले आणि १९२० साली रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सची इमारत उभी राहिली. तिलाच जोडून, रस्त्याच्या तोंडाशी हा हॉल. सर कावसजींच्या देणगीतून झाला म्हणून त्यांचेच नाव. (विद्यापीठाच्या आवारातला पदवीदानाचा हॉल वेगळा. तो १८७४ सालचा, आणि याच घराण्यातल्या आधीच्या कावसजींच्या देणगीतला. दोन्ही नावांचा घोटाळा नेहमी होतो.)

वास्तुशिल्पी होते जॉर्ज विटेट. समोरचे म्युझियम त्यांचेच आणि गेट वे ऑफ इंडियासुद्धा त्यांचाच. म्युझियमला त्यांनी मोठा घुमट, जाळ्या आणि कमानी देऊन आपल्याकडचा थाट दिला. इकडे मात्र खांब, सज्जे आणि वळणदार दर्शनी भाग असा युरोपी घाट ठेवला. आम्हांला यातली सर्वांत मोलाची गोष्ट दगडकाम नव्हे, नाव वाटते. नाव होते ‘पब्लिक हॉल’. कॉलेजच्या अंगाला, पण दरवाजा रस्त्यावर. विद्यार्थ्यांइतकाच तो गावाचाही.

आणि गाव तिथे आले. जाहीर सभा झाल्या, परिषदा झाल्या. मेहली मेहता यांच्या बॉम्बे सिंफनी वाद्यवृंदाचे सूर तिथे घुमले. मग काळ बदलला. हॉल वातानुकूलित नव्हता. १९६३ साली षण्मुखानंद, १९८० साली टाटा थिएटर अशी सोयीची सभागृहे झाली आणि गाणे-बजावणे तिकडे गेले. मागे राहिली भाड्याची गिऱ्हाइके : लग्नाची स्वागतसमारंभी जेवणे, मुष्टियुद्धाचे सामने, साड्यांचे आणि चामडी वस्तूंचे सेल.

आम्ही बी. कॉम. झालेले कारकून. हिशेबाच्या वहीत दोन रकाने असतात, भांडवली खर्च आणि चालू खर्च. दानशूर माणूस पहिला रकाना भरतो. त्याचे नाव संगमरवरावर येते. दुसऱ्या रकान्यात वीजबिल, चुना, गळणारे छप्पर, झाडूवाल्याचा पगार. तिथे कोणाचे नाव लागत नाही, म्हणून तो कोरा राहतो. शंभर वस्त्यांमधली समाजमंदिरे आठवा. वर्गणी काढून, घाम गाळून बांधलेली. पहिली जयंती थाटात होते, आणि पाच वर्षांनी आत मांडवाचे बांबू आणि सिमेंटची पोती!

मुंबईचा हॉल शेवटी वाचला, तो चित्रकारांमुळे. शिल्पकार पिलू पोचखानवाला आणि गॅलरीचे केकू गांधी यांनी पाठपुरावा केला. पिलूबाई १९८६ साली वारल्या. १९९६ साली उघडलेले संग्रहालय त्यांना पाहायला मिळाले नाही. आत आता एकावर एक दालने आहेत, अगदी घुमटाखालीसुद्धा. इमारत उत्तम राखली आहे, ही मोठीच गोष्ट. तरी कावसजींनी ज्या हॉलसाठी पैसे दिले तो हॉल आता उरलेला नाही, हेही नोंदवले पाहिजे.

कॉलेजच्या रंगमंचातून काय निघू शकते हे आपल्याला परके नाही. बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादेत कॉलेज काढले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. तिथले प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी ‘युगयात्रा’ हे नाटक लिहिले. ते आधी कॉलेजात झाले आणि १९५६ साली नागपूरला धम्मदीक्षेच्या वेळी उघड्या मैदानावर अफाट जनसमुदायासमोर झाले. दलित रंगभूमीचा इतिहास सांगणारे तिथूनच सुरुवात करतात.

आमच्या लोणखेड्यात कॉलेजे आहेत. शहाद्याची, सातपुड्याच्या पाड्यांवरची पोरे-पोरी इथे शिकतात. आपल्या वस्तीतल्या सभागृहात त्यांची तालीम होऊ शकते, संध्याकाळी अभ्यासिका चालू शकते. त्यासाठी बांधकामाच्या पावतीपुस्तकाबरोबर दुसरे एक पुस्तक छापावे : घरटी महिना १० रुपये, फक्त देखभालीसाठी. किल्ली एका तरुणाकडे आणि एका ताईकडे द्यावी, आणि जमाखर्च दर पौर्णिमेला दारावर लावावा. वही आखून द्यायला आम्ही तयार आहोत.