विसावा : स्वतःसाठी आणि इतरांसाठीही

रविवारची मिस्सा आटोपल्यावर मंदिराच्या पायऱ्यांवर भाविकांची विचारपूस करताना अलीकडे आम्हांला एकच उत्तर वारंवार ऐकू येते : ‘फादर, वेळच पुरत नाही.’ सोमवार ते शनिवार लोकलचा प्रवास, कचेरीतील काम, मुलांचे क्लास. आणि राहिलेले सारे रविवारच्या माथी. बाजारहाट, साठलेले धुणे, बँकेचे कागद, एखादे लग्न, एखादा बाप्तिस्मा. रविवार मावळतो तेव्हा माणूस शनिवारपेक्षाही अधिक थकलेला असतो.

आम्ही धर्मगुरूही त्यास अपवाद नाही. विसाव्यावर प्रवचन द्यायचे आणि त्याच दुपारी एकामागून एक दोन सभा बोलवायच्या, असे आमच्या हातून अनेकदा घडले आहे. म्हणून हा लेख उपदेशाच्या भावनेने नव्हे, तर वाचकांबरोबर आत्मपरीक्षण करावे या हेतूने लिहीत आहोत.

एक आज्ञा, दोन कारणे

शब्बाथ पवित्रपणे पाळावा ही तिसरी आज्ञा पवित्र शास्त्रात दोन ठिकाणी आली आहे आणि दोन्ही ठिकाणी तिचे कारण निराळे दिले आहे. निर्गमाच्या विसाव्या अध्यायात ते कारण सृष्टीच्या निर्मितीशी जोडलेले आहे. परमेश्वराने सहा दिवस निर्मिती केली आणि सातव्या दिवशी विसावा घेतला. त्याच्या प्रतिरूपात घडलेल्या माणसानेही तसेच करावे.

अनुवादाच्या पाचव्या अध्यायात मात्र मोशे लोकांना मिसर देशाची आठवण करून देतो. तुम्ही तेथे गुलाम होता आणि परमेश्वराने तुम्हांला सोडविले, म्हणून हा दिवस पाळा. मिसरातील ती गुलामी कशी होती? फारोने विटांसाठी लागणारे गवत देणे बंद केले, पण विटांची संख्या मात्र कमी केली नाही. लोकांनी उपासनेसाठी सुटी मागताच त्यांना आळशी ठरविण्यात आले. ज्यांना विसाव्याचा दिवसच नव्हता, अशा माणसांना देवाने ही आज्ञा दिली.

म्हणूनच आज्ञेत केवळ घरधन्याचा उल्लेख नाही. मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव आणि दारी आलेला परका या सर्वांची नावे तेथे घेतली आहेत. आणि दासदासींना तुझ्यासारखाच विसावा मिळावा, हे अनुवादात मुद्दाम सांगितले आहे. थोडक्यात, मी विसावा घेतला एवढ्याने ही आज्ञा पाळली जात नाही. माझ्यामुळे कुणाचा विसावा हिरावला जात आहे, हा प्रश्नही ती आपल्याला विचारते.

शब्बाथापासून प्रभुवारापर्यंत

यहुदी लोकांचा शब्बाथ शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सांजेपर्यंत असतो. प्रभू येशू आठवड्याच्या पहिल्या दिवशी पुनरुत्थित झाला, म्हणून आरंभीचे ख्रिस्ती रविवारी भाकर मोडण्यासाठी एकत्र येऊ लागले. तेव्हा रविवार हा कामाचा दिवस होता. इ. स. 304 मध्ये उत्तर आफ्रिकेतील अबितिना येथील ख्रिस्ती लोकांना बेकायदा उपासनेसाठी पकडण्यात आले, तेव्हा प्रभुवारच्या भोजनाविना आम्हांला राहता येत नाही, अशी साक्ष त्यांनी न्यायाधीशासमोर दिली. पुढे 321 मध्ये सम्राट कॉन्स्टंटाईनने रविवारी न्यायालये व शहरातील कामे बंद ठेवण्याचा हुकूम काढला.

आज ख्रिस्तसभेचा 1983 चा कायदा (कलम 1247) रविवारी मिस्सेला उपस्थित राहण्यास सांगतो; त्याचबरोबर उपासनेला, प्रभुवाराच्या आनंदाला आणि मनाच्या व शरीराच्या आवश्यक विश्रांतीला अडथळा आणणारी कामे टाळण्यासही सांगतो. त्यातला पहिला भाग आपण लक्षात ठेवतो, दुसरा विसरतो. संत पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1998 साली ‘दिएस दोमिनी’ हे प्रेषितीय पत्र लिहिले, तेव्हा हीच चिंता त्यांच्या मनात होती : प्रभूचा दिवस नुसत्या ‘वीकएण्ड’मध्ये विरून जाऊ नये.

गिरणगावातील रविवार

आपल्या महाराष्ट्रात रविवारची सुटी सहजासहजी मिळालेली नाही. महात्मा जोतीराव फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित करून आठवड्यातून एक दिवस सुटीची मागणी केली. सहा वर्षांच्या खटपटीनंतर 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. लोखंडे ख्रिस्ती नव्हते. परंतु राबणाऱ्या माणसाला विसावा हवा, हे सत्य त्यांनी ओळखले होते. पुढील वर्षी, 1891 मध्ये, पोप लिओ तेरावे यांनी ‘रेरूम नोव्हारूम’ या परिपत्रकात कामगारांच्या रविवारच्या विश्रांतीचा आग्रह धरला, हा योग विचार करण्यासारखा आहे.

आपल्या घरातील दास-दासी

आता आपल्या घराकडे वळू या. रविवारी घरात सर्वांत आधी कोण उठते? बहुतेक घरांत आईच. मिस्सेला जाण्यापूर्वी मसाला वाटून ठेवायचा, परतल्यावर मटण शिजवायचे, पाहुण्यांना वाढायचे, भांडी आवरायची. इतरांची सुटी म्हणजे तिचे दुप्पट काम! आठवडाभर नोकरी करणाऱ्या आईला तर सातही दिवस सुटी नसते. घरकामाला येणारी बाई, दुकानातील पोऱ्या, इमारतीचा पहारेकरी यांची सुटी आपण कधी मोजतो का? अनुवादातील यादी आज लिहिली गेली असती, तर त्यात हीच माणसे असती.

काय करता येईल?

वाळवंटात मान्ना मिळत असे, तेव्हा सहाव्या दिवशी लोक दुप्पट गोळा करीत, म्हणून सातवा दिवस मोकळा राही. विसाव्याची तयारी आदल्या दिवशी करावी लागते. बाजार, इस्त्री, मुलांचा अभ्यास यांपैकी जे शक्य ते शनिवारी उरकावे. रविवारचे जेवण साधे असावे आणि ते सर्वांनी मिळून करावे; मुलग्यांनी भांडी घासल्याने घराची अब्रू जात नाही. दुपारचे दोन-तीन तास मोबाईल बाजूला ठेवावा. घरकामाच्या बाईला आठवड्यातून एक दिवस पगारी सुटी द्यावी. सायंकाळी एखाद्या आजारी वा एकाकी व्यक्तीला भेटावे. असे प्रेमाचे कार्य प्रभुवाराला शोभणारेच आहे.

परिचारिका, रेल्वे कर्मचारी, पोलीस यांना रविवारी कामावर जावेच लागते. त्यांनी अपराधी वाटून घेऊ नये. प्रभू येशूने शब्बाथ दिवशी आजाऱ्यांना बरे केले आणि शब्बाथ माणसासाठी आहे, असे शिकविले. शनिवारच्या सायंकाळच्या मिस्सेनेही त्यांचे कर्तव्य पूर्ण होते. विसाव्यासाठी त्यांनी आठवड्यातील दुसरी वेळ राखून ठेवावी, आणि घरच्यांनी ती जपावी.

आणि आम्ही? धर्मग्रामांनी महिन्यातील निदान एक रविवार सभांपासून मुक्त ठेवावा, असे आम्ही आमच्या धर्मगुरू बंधूंना नम्रपणे सुचवितो.

एलिया संदेष्टा थकून झुडपाखाली पडला आणि मरण मागू लागला, तेव्हा देवदूताने त्याची कानउघाडणी केली नाही. त्याला झोपू दिले, भाकर दिली, पाणी दिले; पुन्हा झोपू दिले, पुन्हा भाकर दिली. त्या बळावर तो होरेब डोंगरापर्यंत चालत गेला. प्रभुवार आपल्याला हेच देतो : वेदीवरची भाकर आणि थोडा विसावा. येत्या रविवारी आपण तो घेऊ या, आणि आपल्या घरात जो सर्वांत जास्त थकला आहे, त्याला तो आधी देऊ या.