तिरंगा आणि त्याचा मान

केवळ वस्त्र म्हणून पाहिले तर राष्ट्रध्वज म्हणजे तीन रंगांचे एक कापड. तसे कापड बाजारात मापून विकत घेता येईल. परंतु हेच कापड ध्वजस्तंभावर चढले की सैनिक त्यास वंदन करतो आणि एरवी क्षणभरही स्वस्थ न बसणारी मुले निश्चल उभी राहतात. हा मान त्यास कोठून लाभला?

मुलांनो, याचे एक उत्तर 1923 सालच्या नागपुरात सापडते. नागपूर तेव्हा मध्यप्रांताची राजधानी होते. तेथील सिव्हिल लाइन्स या भागात इंग्रज अधिकाऱ्यांचे बंगले होते आणि तिकडे राष्ट्रीय ध्वज घेऊन जाण्यास सरकारने मनाई केली होती. चरख्याचे चिन्ह असलेला ध्वज घेऊन स्वयंसेवकांची तुकडी निघे, पकडली जाई आणि तिच्या मागून नवी तुकडी निघे. जमनालाल बजाज यांना अटक झाल्यावर सत्याग्रहाची धुरा वल्लभभाई पटेलांनी सांभाळली. शेकडो सत्याग्रहींनी कारावास पत्करला आणि अखेर ऑगस्ट महिन्यात तो ध्वज त्याच भागातून गेला.

22 जुलै 1947 रोजी पंडित नेहरूंनी संविधान सभेत ध्वजाचा ठराव मांडला. चरख्याऐवजी सारनाथ येथील अशोकस्तंभाच्या शिर्षावरील चक्र त्यावर आले. यामागे एक साधी अडचणही होती. फडकणारा ध्वज दोन्ही बाजूंनी दिसतो. चरखा मागून पाहिला तर उलटा भासतो. चोवीस आऱ्यांचे चक्र मात्र कोणत्याही बाजूने सारखेच दिसते. चरख्याचे चिन्ह गेले, तरी ध्वज खादीचाच असावा हा नियम दीर्घकाळ टिकला. डिसेंबर 2021 पासून यंत्रावर विणलेले कापडही चालते. मला विचाराल तर, हातसुताच्या ध्वजाची सर त्यास येत नाही.

रंगांविषयी एक गैरसमज आढळतो. हे रंग निरनिराळ्या धर्मांचे नव्हेत. तसे मानू नये, असे 1931 सालीच स्पष्ट झाले होते. डॉ. राधाकृष्णन यांनी संविधान सभेत त्यांचा अर्थ सांगितला. केशरी रंग त्यागाचा, पांढरा सत्याच्या प्रकाशाचा, हिरवा ज्या भूमीवर आपले जीवन अवलंबून आहे तिचा. आणि चक्र धर्माचे व गतीचे.

ध्वजाची लांबी व रुंदी 3:2 या प्रमाणात असते. केशरी पट्टा वर असावा, ध्वज जमिनीस वा पाण्यास लागू नये, त्यावर काही लिहू नये. उलगडण्यापूर्वी आत फुलांच्या पाकळ्या ठेवण्यास मात्र हरकत नाही. सूर्यास्तापूर्वी तो उतरवलाच पाहिजे, असे वडीलधारी मंडळी अजूनही सांगतात. परंतु जुलै 2022 पासून नागरिकांना आपल्या घरावर तो रात्रीही ठेवता येतो.

ध्वज त्वरेने चढवतात आणि सावकाश उतरवतात. राष्ट्रीय शोकाच्या प्रसंगी तो अर्ध्यावर असतो, पण थेट अर्ध्यावर बांधत नाहीत. आधी टोकापर्यंत नेऊन मग खाली आणतात. उतरवण्यापूर्वीही तो पुन्हा एकदा टोकापर्यंत नेतात.

जीर्ण झालेला ध्वज केरात टाकायचा नसतो. तो एकांतात, शक्यतो अग्नीच्या स्वाधीन करून, सन्मानाने नष्ट करतात. हाच नियम कागदी ध्वजासही लागू आहे, आणि मोडतो तो येथेच. 15 ऑगस्टच्या सायंकाळी शाळेच्या वाटेवर असे किती ध्वज पायदळी पडलेले असतात ते पाहा. दिसेल तो उचलावा, घरी आणावा आणि वडीलधाऱ्यांच्या हाती द्यावा.