मुलगे आले स्कर्टमध्ये!

दोस्तांनो, गणवेशावरून शाळेशी तुमची कुरबूर होतच असेल. पण त्यापायी मुलग्यांनी चक्क स्कर्ट घातल्याचं कधी ऐकलंय?

जून २०१७ मध्ये इंग्लंडमधल्या एक्झिटर शहरात तसं घडलं. पारा ३० अंशांच्या वर गेलेला. (तुम्ही म्हणाल, एवढंच? पण तिथं हा उन्हाचा कहर!) इस्का अकॅडमीत मुलग्यांना फुलपँटची सक्ती. हाफपँट मागितली, तर नकार. गणवेशात स्कर्ट मात्र होता, मुलींसाठी. मग काय, सुमारे ३० मुलगे बहिणींचे, मैत्रिणींचे स्कर्ट उसने घेऊन हजर! ना घोषणा, ना आरडाओरडा. कपडा तर गणवेशातलाच. रागवायचं तरी कसं? पुढच्या उन्हाळ्यापासून हाफपँट चालेल, असं शाळेनं नंतर जाहीर केलं.

आपल्याकडे केरळात, वलयनचिरंगरा इथल्या सरकारी प्राथमिक शाळेनं २०१८ पासूनच मुलगे-मुली सगळ्यांना शर्ट आणि गुडघ्यापर्यंतची पँट दिली. शिक्षक आणि पालकांनी मिळून ठरवलं. पळताना स्कर्ट सांभाळायची मुलींची कटकट संपली.

आई-बाबा, तुमच्या पालकसभेत गणवेश ठरतो, तेव्हा तो घालणाऱ्यांना कुणी विचारतं का हो?