हिम मोटारसायकल

हिम मोटारसायकल : पुढील चाकाच्या जागी एक स्की व मागील चाकाच्या जागी रबरी सुरवंटी पट्टा बसवून बर्फावर चालविण्यायोग्य केलेली मोटारसायकल. सांगाडा, एंजिन, टाकी, बैठक व हँडल हे भाग मूळ वाहनाचेच राहतात. स्की, पट्टा व त्यांची संधारण यंत्रणा मात्र स्वतंत्र संच म्हणून मिळते. दोन स्की व रुंद पट्टा असलेल्या हिमस्कूटरपेक्षा हे वाहन अरुंद व हलके असते आणि मोटारसायकलीप्रमाणेच कलवून वळविले जाते. त्यामुळे रस्त्यावर वा शेतवाटांवर मोटारसायकल चालविण्याचा दीर्घ अनुभव असलेल्यांना ते आपलेसे वाटते. तथापि असा अनुभव काही बाबतींत उपयोगी, तर काही बाबतींत दिशाभूल करणारा ठरतो. म्हणून पहिल्या वाहनाची निवड व सज्जता यांचा विचार बर्फाच्या गुणधर्मांपासून सुरू करावा लागतो.

इतिहास : मागे लवचिक पट्टा व पुढे स्की ही योजना मोटारींच्या बाबतीत प्रथम आदॉल्फ केग्रेस या फ्रेंच अभियंत्याने रशियाचा झार दुसरा निकोलस याच्या सेवेत असताना पहिल्या महायुद्धापूर्वी अंमलात आणली. कॅनडातील क्वेबेक प्रांताच्या जोझेफ-आर्मां बॉम्बार्डिए याने १९३७ मध्ये पट्टा फिरविणाऱ्या दंतचक्राच्या योजनेचे एकस्व मिळविले आणि १९५९ मध्ये ‘स्की-डू’ ही हलकी हिमस्कूटर बाजारात आणली. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्याने वापरलेले एनएसयू कारखान्याचे ‘केटेनक्राड’ हे वाहन पुढे मोटारसायकलीचे चाक व मागे दोन पट्टे अशा रचनेचे होते. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीने ‘स्नो-रनर’ हे छोटे हिमवाहन विकले. सध्याच्या स्वरूपाचे परिवर्तन संच एकविसाव्या शतकात रूढ झाले. आयडाहो राज्यातील ॲलन मँगम यांची ‘टिंबरस्लेड’ ही यातील अग्रेसर कंपनी होती व २०१५ मध्ये ती पोलारिस या उद्योगसमूहाने घेतली. २०१७ साली ॲस्पेन (कोलोरॅडो) येथील हिवाळी एक्स गेम्समध्ये या वाहनांची शर्यत प्रथमच झाली व ती कॅनडाच्या ब्रॉक होयर याने जिंकली.

कार्यतत्त्व : पावसाळ्यात खानदेशातील काळ्या जमिनीच्या वाटेवर मोटारसायकल का रुतते, हे तेथील प्रत्येक चालकास ठाऊक असते. टायर अरुंद असल्याने वजन थोड्या क्षेत्रावर एकवटते, चाक खाली जाते आणि चिखल टायरच्या खाचांत भरून पकड नाहीशी होते. ताज्या बर्फात हीच अडचण अधिक तीव्र असते. कारण नुकत्याच पडलेल्या भुसभुशीत बर्फाच्या १ घ. मी. आकारमानाचे वजन पुष्कळदा ५० ते १०० किग्रॅ. एवढेच भरते. टायरखालील दाब सामान्यतः टायरमधील हवेच्या दाबाच्या जवळपास, म्हणजे दर चौ. सेंमी.स १.५ किग्रॅ. किंवा अधिक असतो. याउलट, वाहन १५० किग्रॅ. व साधनांसह चालक ९० किग्रॅ. धरल्यास एकूण २४० किग्रॅ. वजन पट्टा व स्की यांच्या मिळून सु. ४,५०० चौ. सेंमी. क्षेत्रावर विभागले जाते आणि दाब दर चौ. सेंमी.स ०.०५ किग्रॅ.च्या आसपास येतो. तेवढेच वजन असलेला चालक वाहनावरून उतरून नुसत्या बुटांवर उभा राहिल्यास त्याच्या पावलांखालील दाब याच्या तिपटीहून अधिक होतो. म्हणून बंद पडलेल्या वाहनापासून पायी परतणे हे वाहन चालविण्यापेक्षा कितीतरी अवघड असते.

बर्फ घट्ट दाबलेला असल्यास चाकेही पुरतात. रॉयल एन्फील्ड कंपनीच्या दोन ‘हिमालयन’ मोटारसायकली डिसेंबर २०२१ मध्ये दक्षिण ध्रुवापर्यंत गेल्या. त्यांना पट्टे नव्हते. खिळे बसविलेले टायर कमी दाबावर ठेवून व पुढील दंतचक्राचे दात १५ वरून १३ करून मागील चाकास अधिक पीळ मिळविण्यात आला होता. जाण्याची जागा दाबलेल्या वाटेची की खोल भुसभुशीत उताराची, हा निवडीतील पहिला प्रश्न यावरून स्पष्ट होतो.

मूळ मोटारसायकलीची निवड : परिवर्तन संच बहुतेक करून स्पर्धेच्या वा रानवाटांच्या हलक्या मोटारसायकलींसाठी बनवितात. ४५० घ. सेंमी. धारितेचे चतुर्घाती एंजिन सर्वाधिक प्रचलित आहे. त्याची शक्ती ५० अश्वशक्तीच्या वर असून ती सावकाश व सलग मिळते. २५० ते ३०० घ. सेंमी.चे द्विघाती एंजिन हलके व दुरुस्तीस सोपे असते. मात्र खोल बर्फात ते सतत उच्च गतीवर ठेवावे लागते. पुणे जिल्ह्यातील चाकण येथे तयार होणारी केटीएम ३९० ॲडव्हेंचर धारितेने या वर्गाच्या जवळ असली, तरी तिचे वजन १८० किग्रॅ.च्या आसपास आहे. स्पर्धेची ४५० घ. सेंमी.ची मोटारसायकल याहून कितीतरी हलकी असते. घाटरस्त्यावर स्थैर्य देणारे वजन खोल बर्फात रुतल्यावर चालकास स्वतःच्या बळावर उचलावे लागते. यास्तव वापरातील प्रवासी मोटारसायकलच बदलून घेण्याचा मोह टाळणे इष्ट होय.

उंचीचाही हिशेब करावा लागतो. जळगाव शहर व त्यातील पिंप्राळा हा भाग समुद्रसपाटीपासून सु. २१० मी. उंचीवर आहे, गुलमर्ग सु. २,६५० मी. उंचीवर असून तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या तुलनेने तीन-चतुर्थांशाहून थोडा कमी असतो. त्या प्रमाणात एंजिनाची शक्ती घटते. थंड हवेची अधिक घनता यातील थोडीच तूट भरून काढते. इंधन अंतःक्षेपणाची यंत्रणा हे फरक बहुतांशी आपोआप सांभाळते. कार्ब्युरेटर असल्यास जेट बदलून मिश्रण जुळवावे लागते.

पट्टा व स्की : पट्ट्याची एकूण लांबी बहुधा ३०५ ते ३५० सेंमी. असते. आखूड पट्टा चपळ असून दाबलेल्या वाटांस व हलक्या चालकास योग्य. लांब पट्टा खोल बर्फात व चढावर तरतो, पण वळण्यास जड जातो. पट्ट्यावरील रबरी दात सु. ६ ते ७.५ सेंमी. उंच असतात. पहिल्या वाहनासाठी मधल्या लांबीचा पट्टा घेणे सोयीचे ठरते. प्रत्येक मोटारसायकलीच्या नमुन्यास जोडसाहित्य वेगळे लागते. म्हणून वाहन आधी घेऊन संच नंतर शोधण्यापेक्षा दोन्हींची जुळणी प्रथम पडताळून पाहावी. संचाची किंमत मूळ वाहनाच्या निम्म्याच्या आसपास किंवा अधिकही असू शकते.

सज्जता : बर्फात एंजिन तापण्यापेक्षा अतिथंड होण्याची अडचण अधिक येते. त्यासाठी शीतकाच्या मार्गात तापनियंत्रक बसवितात व रेडिएटरचा काही भाग झाकतात. हवागाळणीत बर्फ शिरून एंजिन घुसमटू नये म्हणून तिच्या मुखावर बर्फरोधक जाळीचे आवरण घालतात. वंगण तेल कमी तापमानास पातळ राहणारे हवे. पुढील ब्रेक निरुपयोगी झाल्याने वाहन थांबविण्याचे काम पट्ट्याच्या आसावरील चकती ब्रेकवर येते. पुढील आघातशोषक अधिक ताठ करावे लागतात. तापणाऱ्या मुठी, हातांवरील संरक्षक कवच, बर्फ न साचणारे रुंद पायटे आणि चालक पडताच एंजिन बंद करणारी मनगटाची दोरी ही साधने आवश्यक समजली जातात. पट्ट्याच्या ओढीमुळे इंधन अधिक लागते. त्यामुळे जादा टाकी घेणे हितावह असते.

चालकाच्या पोशाखात सुती कपडे टाळावेत. खानदेशच्या उन्हाळ्यात घाम शोषून गारवा देणारे सूत बर्फात ओले राहून शरीराची उष्णता काढून घेते. आतून लोकरी किंवा कृत्रिम धाग्याचा थर व बाहेरून जलरोधक थर ही पद्धत रूढ आहे. उंचीची सवय होण्यासाठी आरंभीचा एकदोन दिवस विश्रांती घेणे जरूर असते.

हिमस्खलनाचा धोका : अनुभवी चालकाची खरी कसोटी येथे असते. रस्त्यावरील धोका वेग, वळण व इतर वाहने यांत दिसतो. हिमउताराचा धोका बर्फाच्या अंतर्गत थरांत दडलेला असतो आणि वाहन चालविण्याच्या कौशल्याने तो कमी होत नाही. उलट, कुशल चालक अधिक उंच व तीव्र उतारावर पोहोचू शकत असल्याने त्याची जोखीम वाढते. घसरणारे बहुतेक थर ३०° ते ४५° उतारांवर सुटतात आणि हेच उतार चढाईस आकर्षक वाटतात. १ फेब्रुवारी २०२३ रोजी गुलमर्गजवळील अफरवट येथील हिमस्खलनात दोन पोलिश स्कीपटू मरण पावले. गाडल्या गेलेल्या व्यक्तीच्या जगण्याची शक्यता पहिल्या १० ते १५ मिनिटांनंतर झपाट्याने घटते. बाहेरून मदत येण्यास याहून अधिक वेळ लागतो. म्हणून सुटका सोबत्यांकडूनच होऊ शकते. याकरिता गटातील प्रत्येकाजवळ ४५७ किलोहर्ट्झ कंप्रतेचा संदेशक, जोडदांडी व फावडे असावे आणि ती अंगावरच बाळगावीत, वाहनावर बांधू नयेत. धोक्याच्या उतारावर एका वेळी एकानेच जावे व इतरांनी सुरक्षित जागेवरून लक्ष ठेवावे. भारतात हिमस्खलनाचे इशारे संरक्षण संशोधन व विकास संघटनेची चंडीगढ येथील संस्था देते. मनाली येथील पूर्वीची हिम व हिमस्खलन अभ्यास संस्था तिच्यात २०२० मध्ये विलीन झाली.

कायदेशीर बाजू : मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरबदल वाहनात करता येत नाही. त्यामुळे रस्त्यासाठी नोंदलेल्या मोटारसायकलीस पट्टा बसवून ती सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही. वाहन दुसऱ्या वाहनावर लादूनच हिमक्षेत्रापर्यंत न्यावे लागते. हिवाळ्यात अन्न दुर्मिळ असताना वन्य प्राण्यांना एंजिनाच्या आवाजाने पळावे लागल्यास त्यांची शक्ती व्यर्थ खर्च होते. यासाठी अभयारण्याच्या हद्दीतील निर्बंध आधी जाणून घेणे आवश्यक असते.

खर्चाचा क्रम : वरील विवेचनावरून पहिल्या वाहनासाठी खर्चाचा क्रम ठरतो. प्रथम हिमस्खलनविषयक शिक्षण व साधने, नंतर उबदार पोशाख, त्यानंतर हलकी व सुस्थितीतील मोटारसायकल, मग तिला जुळणारा मध्यम पट्ट्याचा संच व थंडीपासून एंजिनाचे रक्षण करणारी साधने आणि शेवटी शक्तिवर्धक फेरफार. खरेदीपूर्वी काही दिवस भाड्याच्या वाहनावर जाणकारांच्या सोबतीने सराव केल्यास पट्ट्याची लांबी व एंजिनाचा प्रकार यांविषयीचे मत बरेचदा बदलते. कलवून वळणे, वेगनियंत्रण, यंत्राच्या आवाजावरून त्याची प्रकृती ओळखणे ही जुनी कौशल्ये बर्फातही कामी येतात. उतार पाहून परत फिरण्याचे कौशल्य मात्र नव्यानेच संपादन करावे लागते.