लष्करी अधिकारी व्हायचंय? तयारी दहावीपासूनच हवी

अणदूर, प्रतिनिधी - सोलापूर-हैदराबाद महामार्गावरील अणदूरसारख्या गावात 'सैन्यात जाणे' म्हणजे मैदानावर धावणे आणि जवानांच्या भरतीला उभे राहणे, असाच अर्थ घेतला जातो. २०२२ पासून ही भरती अग्निवीर म्हणून चार वर्षांसाठी होते. त्यातील कमाल २५ टक्के तरुणांनाच पुढे कायम सेवा मिळते. अधिकारीपदाचा मार्ग मात्र वेगळा आहे आणि त्याची माहिती बहुतेकांना वय उलटून गेल्यावर मिळते.

दहावीनंतर
लष्करात मराठी अधिकाऱ्यांचे प्रमाण वाढावे, यासाठी राज्य शासनाने १९७७ मध्ये औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथे सैनिकी सेवा पूर्व शिक्षण संस्था सुरू केली. दहावीच्या वर्षातच लेखी परीक्षा व मुलाखतीतून मुलांची निवड होते आणि अकरावी-बारावीबरोबर 'एनडीए'ची तयारी करून घेतली जाते. मुलींसाठी नाशिक येथे २०२३ मध्ये अशीच संस्था सुरू झाली. दहावीच्या निकालानंतर चौकशी करणाऱ्यांची ही संधी हुकलेली असते.

बारावीनंतर
खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी (एनडीए) केंद्रीय लोकसेवा आयोग वर्षातून दोनदा परीक्षा घेतो. वयोमर्यादा साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस वर्षे. भूदलासाठी बारावीची कोणतीही शाखा चालते. नौदल व हवाई दलासाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित आवश्यक आहे. लेखी परीक्षेत गणिताला ३०० व सामान्य क्षमता चाचणीला ६०० गुण असतात. या ६०० पैकी २०० गुण इंग्रजीचे असून चुकीच्या उत्तराला गुण वजा होतात. प्रश्नपत्रिका मराठीत नसते. म्हणून मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांनी इंग्रजी वाचनाची सवय आठवी-नववीतच लावून घ्यावी. येथील प्रशिक्षणाचा खर्च शासन करते. २०२२ पासून मुलींनाही प्रवेश मिळू लागला आणि मे २०२५ मध्ये त्यांची पहिली तुकडी बाहेर पडली.

पदवीनंतर
बारावीला यश न आल्यास निराश होण्याचे कारण नाही. पदवीधरांसाठी आयोगाचीच 'सीडीएस' परीक्षा असते. त्यातून डेहराडूनची भारतीय सैन्य प्रबोधिनी, नौदल व हवाई दलाच्या प्रबोधिनी, तसेच चेन्नईची अधिकारी प्रशिक्षण प्रबोधिनी येथे प्रवेश मिळतो. चेन्नईसाठी गणिताची प्रश्नपत्रिका नसते, त्यामुळे कला शाखेच्या पदवीधरांना ही वाट सोयीची ठरते. महाविद्यालयात 'एनसीसी'चे 'सी' प्रमाणपत्र मिळविणाऱ्या पात्र पदवीधरांना विशेष प्रवेशाद्वारे लेखी परीक्षेविनाच मुलाखतीची संधी असते. सेवेतील पात्र जवानांनाही डेहराडूनच्या आर्मी कॅडेट कॉलेजमार्फत अधिकारी होता येते.

खरी कसोटी मुलाखतीत
यातील बहुतेक वाटा सेवा निवड मंडळाच्या (एसएसबी) पाच दिवसांच्या निवड प्रक्रियेपाशी येऊन मिळतात. मानसशास्त्रीय चाचण्या, गटकार्य व मुलाखत यांतून उमेदवाराचा निर्णय घेण्याचा स्वभाव, जबाबदारीची जाणीव आणि चारचौघांत मिसळण्याची वृत्ती पारखली जाते. एनडीएच्या गुणवत्ता यादीत या मुलाखतीला लेखी परीक्षेइतकेच ९०० गुण आहेत. पाठांतर येथे कामी येत नाही. शेतीची कामे, घरची जबाबदारी, खेळ आणि गावातील कार्यक्रमांतील पुढाकार हीच ग्रामीण मुलांची शिदोरी. बोलण्याचा सराव मात्र मुद्दाम करावा लागतो.

घरात दहावीचा विद्यार्थी असेल, तर पालकांनी आजच जन्मतारीख आणि परीक्षांची वयोमर्यादा एका कागदावर मांडून पाहावी. धावण्याचा सराव पुढेही करता येईल. उलटून गेलेले वय मात्र परत मिळत नाही.