बागेला पाणी कोठून आणायचे?

पूर्णा गाव म्हटले, की ठाणे-भिवंडी रस्त्याने जाणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे गोदामे आणि मालट्रकांच्या रांगा उभ्या राहतात. तेथे कोणी बाग मागेल, असे मला स्वप्नातही वाटले नव्हते. पण त्याच गावच्या, आमच्या वर्गातल्या एका मुलीने एके दिवशी वही माझ्यापुढे धरली.

“सर, इस्लामी संस्कृतीची ओळख करून देणारं उद्यान आपल्याकडे झालं तर? शाळांच्या सहली येतील!”

पानावर एक भलीमोठी कमान, छोटा ताजमहाल आणि तिकिटाची खिडकी. खिडकी तेवढी अगदी तपशीलवार!

कल्पना वेडगळ मुळीच नव्हे. मलेशियात तेरेंगानू येथे 2008 साली नामांकित मशिदींच्या लहान प्रतिकृतींचे उद्यान उघडले. दुबईने 2019 साली कुराणात उल्लेखलेल्या झाडांची बाग केली. अंजीर, डाळिंब, खजूर, ऑलिव्ह. मला विचाराल, तर दुसरी अधिक पटते. प्रतिकृतीपुढे पोरे फोटो काढतात. अंजिराचे पान हाती आले, की प्रश्न विचारतात.

म्हणून यंदाची सहल छत्रपती संभाजीनगरला नेली. बीबी-का-मकबऱ्याची ताजमहालाशी तुलना केली, की आपण मोकळे होतो आणि बाग पाहायची राहूनच जाते. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू हिची ही कबर 1660च्या सुमाराची. भोवती चारबाग, म्हणजे पाटांनी आणि वाटांनी चौफेर विभागलेली बाग. दरवाजावरच्या लेखात अताउल्ला आणि हंसपतराय अशी करणाऱ्यांची दोन नावे आहेत. ती मी मुलांना मुद्दाम दोनदा सांगितली.

मुले रमली ती मात्र पाणचक्कीवर. डोंगरातले पाणी मातीच्या नळांतून मैलोगणती आणायचे, उंचावरून सोडायचे आणि त्यावर जाते फिरवायचे! या शहराला नहरीची वाट दाखवली मलिक अंबरने, सतराव्या शतकाच्या आरंभी. हबशी गुलाम म्हणून आलेला हा माणूस निजामशाहीचा वजीर झाला होता.

परतीच्या बसमध्ये मी आपला मराठीचा तास घेतलाच. बाग, हौद, नहर, गुलाब, अंजीर, कमान, मनोरा हे सारे शब्द फारसी-अरबीतून आपल्या घरात आले आणि घरचेच झाले. उद्यानात पाट्या लावायच्या, तर आधी या शब्दांच्या लावा, असे माझे म्हणणे.

मुलगी ऐकत नव्हती. वहीतला ताजमहाल तिने खोडला होता.

“सर, पण पाणी कुठून आणायचं?”

आणि माझ्या उत्तराची वाट न पाहता तिने गोदामांची पत्र्याची छपरे काढली, त्यांवरचे पावसाचे पाणी निळ्या रेघेने हौदात सोडले. तिकिटाची खिडकी मात्र तिने जागची हलवली नाही.