देवांचा राजा, पूर्वेचा पहारेकरी

पंचवटीत इंद्रकुंड आहे, हे नाशिककरांस सांगावयास नको. नाव रोजच्या बोलण्यात इतके रुळले आहे की त्यातला इंद्र आपल्याला आता ऐकूही येत नाही. अहल्येच्या प्रकरणात गौतम ऋषींनी शाप दिला, इंद्राच्या सर्वांगावर व्रण उमटले आणि येथे स्नान केल्यावर तो त्यातून मुक्त झाला, अशी कथा सांगतात. गोदावरीला आपण गौतमीही म्हणतो; तेव्हा ही कथा आपल्या घरचीच म्हणावयाची. परंतु एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ज्या देवाने वृत्राला मारून कोंडलेले पाणी मोकळे केले, त्याचा तो पराक्रम या नदीच्या काठी कोणी सांगत नाही. त्याची फजिती मात्र कुंडाच्या नावाने जतन झाली आहे. एवढा थोर देव इतका खाली कसा आला? याचे उत्तर ग्रंथांत आहेच. पण दगडांत ते अधिक स्पष्ट आहे, आणि ते दगड बरेचसे आपल्या सह्याद्रीतलेच आहेत.

आरंभ मात्र दगडापासून करता येत नाही. ऋग्वेदातील १०२८ सूक्तांपैकी सुमारे २५० सूक्ते एकट्या इंद्राची आहेत. त्याचे बाहू, त्याचे वज्र, त्याची सोमाची तहान, त्याची पिंगट दाढी, सर्वांचे वर्णन तेथे आहे. इ. स. पूर्वी चौदाव्या शतकात हित्ती आणि मितन्नी या दोन राज्यांत झालेल्या तहात मित्र, वरुण आणि नासत्य यांच्याबरोबर इंद्रालाही साक्षीला बोलावले आहे. हा तह तुर्कस्तानात बोगाझकोय येथे सापडला. म्हणजे इंद्राचे नाव इतक्या दूरवर गेले होते. पण रूप कोठे आहे? ऋग्वेदाच्या चौथ्या मंडलात एक ऋषी विचारतो की, दहा गायी देऊन माझा हा इंद्र कोण विकत घेईल? यावरून इंद्राच्या मूर्ती असाव्यात असा तर्क काही पंडितांनी केला आहे. तथापि वैदिक काळातील इंद्राची एकही मूर्ती आजवर सापडलेली नाही. देव ऐन भरात होता तेव्हा त्याला मूर्तीची गरज नव्हती. यज्ञात हाक मारली की तो येतो, अशी श्रद्धा पुरेशी होती.

आता नाणेघाटात या. सातवाहनांची राणी नागनिका हिचा तेथील शिलालेख सामान्यतः इ. स. पूर्वी पहिल्या शतकातील मानतात. आरंभीच देवांना नमन आहे, आणि त्यात इंद्राचे नाव अगदी आघाडीला येते. पुढे यम, वरुण, कुबेर आणि वासव या चार लोकपालांना वंदन केले आहे. वासव म्हणजे तरी कोण? इंद्रच! एकाच लेखात तो दोनदा आला आहे: एकदा स्वतंत्र देव म्हणून आणि एकदा दिशा राखणाऱ्या चौघांपैकी एक म्हणून. त्याच्या उतरणीची पहिली पायरी येथे अक्षरांत कोरलेली आहे. आणखी एक मौज पाहा. याच लेण्यात सातवाहन राजघराण्यातील माणसांच्या आकृती कोरल्या होत्या. त्या आज नष्ट झाल्या असल्या तरी वरची नावे वाचता येतात. राजाराणीला मूर्ती मिळाली. देवांना मात्र नावांवरच समाधान मानावे लागले.

महाराष्ट्रात इंद्राचे पहिले रूप म्हणून जे दाखवतात ते लोणावळ्याजवळील भाजे येथे. तेथील विहाराच्या ओसरीत दाराच्या एका बाजूला चार घोड्यांच्या रथातील सूर्य आहे आणि दुसऱ्या बाजूला प्रचंड हत्तीवर बसलेला एक पुरुष. मागे ध्वज धरलेला सेवक, हत्तीच्या सोंडेत मुळासकट उपटलेले झाड, पायाखाली माणसे आणि वृक्ष अगदी चिमुकले. वादळ यावे तसा हा हत्ती भिंतीवरून चालून येतो. हा ऐरावतारूढ इंद्र, असे अनेक विद्वानांचे मत आहे. दुसरे मत असे की, हा मांधाता राजा असावा. बौद्ध कथेत या राजाला इंद्राने आपले अर्धे आसन दिले, पण त्याला सगळेच हवेसे वाटले आणि तो स्वर्गातून खाली आला. लेण्यात नाव कोरलेले नाही, त्यामुळे हा वाद मिटलेला नाही. एवढे मात्र खरे की, पावसाळी ढगाचे सामर्थ्य इतक्या मोकळेपणाने आपल्याकडे पुन्हा क्वचितच कोरले गेले.

बौद्ध कलेत इंद्राला, म्हणजे शक्राला, मानाचे स्थान आहे; पण ते भक्ताचे. भारहूत येथील एका शिल्पावर इंद्रशाल गुहेचे नावच कोरलेले आहे: शक्र आपल्या शंका घेऊन बुद्धाकडे त्या गुहेत जातो. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात, इ. स. पाचव्या शतकात, चित्रकाराने त्याला ढगांतून उडत येताना रंगवले आहे. सोबत अप्सरा आणि गंधर्व आहेत, गळ्यातील मोत्यांचे सर वेगामुळे एका बाजूला गेले आहेत. इतका देखणा इंद्र दुसरा नाही. तरी तो निघाला आहे तो बुद्धाला वंदन करावयास.

हिंदू लेण्यांतही तोच प्रकार. घारापुरीला अर्धनारीश्वराच्या भव्य शिल्पात वरच्या बाजूस देवांची गर्दी आहे. हंसांच्या आसनावर ब्रह्मा, गरुडावर विष्णू आणि ऐरावतावर इंद्र. सारे शिवाला पाहत आहेत. म्हणजे इंद्र आता प्रेक्षकांत बसला. वेरूळच्या दशावतार लेण्यात कृष्ण गोवर्धन उचलतो. तो ज्याच्या पावसापासून गोकुळाला वाचवतो तो इंद्रच. वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहत्संहितेत मूर्तिकारांसाठी नियम दिले: हत्ती पांढरा आणि चार दातांचा, हातात वज्र, कपाळावर आडवा तिसरा डोळा. सहस्राक्षाचे हजार डोळे दगडात कोण कोरणार? आडवा एक डोळा ही त्याची खूण झाली. मध्ययुगीन देवळांत अष्टदिक्पालांच्या रांगेत, पूर्वेच्या बाजूला, हाच इंद्र उभा असतो. गाभाऱ्यात दुसरा देव, आणि देवांचा राजा बाहेर पहाऱ्यावर.

नावाचा गोंधळही सांगितला पाहिजे. वेरूळच्या ३२ क्रमांकाच्या जैन लेण्याला 'इंद्रसभा' म्हणतात. तेथे वडाखाली हत्तीवर बसलेला पुरुष आहे आणि समोर आंब्याखाली सिंहावर अंबिका. हत्ती पाहून इंद्र म्हटले, आणि त्यावरून लेण्याचे नाव पडले. वस्तुतः तो जैनांचा यक्ष आहे. कोणी त्याला मातंग म्हणतात, कोणी सर्वानुभूती. आपल्या जिल्ह्यात मनमाडजवळ अंकाईच्या जैन लेण्यांतही हत्तीवरचा पुरुष आणि अंबिका अशीच जोडी आहे, आणि जुन्या पाहणीकारांनी तेथेही इंद्रच लिहिला. तेव्हा केवळ वाहन पाहून देव ओळखू नये; लेणे कोणाचे, शेजारी कोण बसले आहे, हे आधी पाहावे.

ही गत एका इंद्राचीच झाली असे नाही. उत्तर युरोपात थोर नावाचा मेघगर्जनेचा देव होता. तांबडी दाढी, हातात हातोडा, पिण्याची हौस आणि महासर्पाशी वैर. इंद्राशी त्याचे साम्य अभ्यासकांनी पूर्वीच दाखवले आहे. स्वीडनमधील आल्टुना येथील अकराव्या शतकाच्या दगडावर तो नावेत बसून त्या सर्पाला गळ टाकतो आहे. जोर इतका की पाय नावेच्या तळातून बाहेर आला आहे. आइसलँडमध्ये सुमारे इ. स. १००० ची, बोटाएवढी एक ब्राँझची बैठी मूर्ती सापडली. ती थोरची मानतात, पण आपल्या भाज्याप्रमाणे तिच्याविषयीही मतभेद आहेतच. डेन्मार्कमधील एका सोनाराचा दगडी साचा तर फारच बोलका आहे. त्यात ख्रिस्ती क्रूसही ओतता येत असे आणि थोरचा हातोडाही. गिऱ्हाईक मागेल ते! पुढे पूजा संपली. १८७२ साली विंगे या चित्रकाराने त्याला राक्षसांशी लढताना रंगवले, १९६२ पासून तो अमेरिकन चित्रकथांत आला. देवळे गेली, चित्रे वाढली. आणि इंग्रजांच्या 'थर्सडे' या वारात त्याचे नाव राहिले.

यावरून काय दिसते? मूर्ती ही देवाच्या सामर्थ्याची मोजणी नव्हे. ती त्याला समाजाने दिलेल्या जागेची नोंद आहे. इंद्र समर्थ होता तेव्हा त्याची मूर्ती नव्हती. मूर्ती झाली तेव्हा तो कोणाचा तरी भक्त, साक्षी किंवा राखणदार झाला होता.

तरी तो आपल्या घरातून अगदीच गेला, असेही म्हणवत नाही. महाभारताच्या आदिपर्वात उपरिचर वसू राजाला इंद्राने वेळूची काठी दिली, आणि राजाने वर्ष सरल्यावर ती उभारून वस्त्रांनी व माळांनी सजवली, अशी कथा आहे. आपली गुढी हीच काय, असे अनेकांनी सुचवले आहे. बृहत्संहितेतील इंद्रध्वजाचा उत्सव भाद्रपदातला आहे, तेव्हा हे नाते सिद्ध झाले असे म्हणता येणार नाही. पण वेळूची काठी, वस्त्र, माळ आणि वर्षाचा सांधा, इतके साम्य सहज सोडून देण्यासारखेही नाही.

पुढच्या खेपेस एखाद्या जुन्या देवळाला प्रदक्षिणा घालाल तेव्हा पूर्वेच्या भिंतीशी क्षणभर थांबा. झिजलेला हत्ती आणि हातातले वज्र दिसले, तर तो कोण हे आता आपणांस ठाऊक आहे. इंद्रकुंडाने आपल्याला त्याचा शाप सांगितला. त्याने सोडवलेले पाणीही आपणच आठवले पाहिजे.